एका ओळीची परीक्षा : फ्रीलान्स वेब डिझायनरच्या अवजारांचे मराठी परीक्षण

"कऱ्हाडच्या तऱ्हेवाईक शास्त्र्यांनी उद्ध्वस्त वाड्यातले वाङ्मय ॲपवर चढवून विठ्ठलाला चिठ्ठ्या धाडल्या." या वाक्याला अर्थ फारसा नाही, परंतु माझ्या संगणकावर येणाऱ्या प्रत्येक नव्या अवजाराला पहिल्या दिवशी हेच वाक्य दाखवले जाते आणि जे त्यात अडखळते ते बहुधा दुसऱ्या दिवशी काढून टाकले जाते. मी रत्नागिरीत राहून एकट्याने संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय करतो. दवाखाने, घरगुती निवासव्यवस्था, आंबा बागायतदार, शाळा, एखादे जुने वाचनालय असे माझे ग्राहक असून त्यांतील जवळजवळ सर्वांना साइट मराठीत किंवा मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवी असते. वेब डिझायनरसाठी उपयुक्त साधनांच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात, मात्र त्या सर्व रोमन लिपी गृहीत धरून केलेल्या असतात. रोमन अक्षरांत देखणे दिसणारे साधन देवनागरीत कसे वागते हे त्या याद्यांतून कळत नाही, आणि आपल्या कामात नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. म्हणून या परीक्षणात मी प्रत्येक साधन मराठीच्या बाजूने तपासले आहे.

वरच्या ओळीतले शब्द हौसेने निवडलेले नाहीत. 'कऱ्हाड' आणि 'तऱ्हेवाईक' यांत मराठीचा खास अर्धा र आहे, जो हिंदीला लागत नाही आणि म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत कधी कधी दुर्लक्षित राहतो. 'शास्त्र्यांनी' आणि 'उद्ध्वस्त' यांत तीन-चार व्यंजने एकमेकांना चिकटतात. 'वाङ्मय' आणि 'चिठ्ठ्या' ही जोडाक्षरे रेखाटण्याचा कंटाळा केलेला असेल तर तेथे उघडा हलन्त दिसतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या जागतिक अक्षरसंकेतात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, ती विठ्ठल आणि शास्त्री यांच्यामुळे तपासली जातात.

सर्वांत आधी फॉन्टांविषयी लिहिणे भाग आहे, कारण मराठी साइटचे निम्मे रूप तेथेच ठरते. गूगल फॉन्ट्स हे संकेतस्थळ फ्रीलान्स डिझायनरसाठी खरोखरच मोठी सोय आहे. तेथील बहुतेक फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्यामुळे ते ग्राहकाच्या व्यावसायिक साइटवर वापरता येतात, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, आणि ग्राहकाने नंतर दुसरा डिझायनर नेमला तरी परवान्याचा वाद उद्भवत नाही. देवनागरीच्या दालनात मी सर्वाधिक वेळा मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या मुक्ता या फॉन्टकडे वळतो. त्याला सात वजने, म्हणजे बारीक ते जाड अशी सात रूपे आहेत, लहान आकारातही त्याची अक्षरे मोकळी राहतात, आणि मुक्ता वाणी या नावाने त्याचे गुजराती भावंड उपलब्ध असल्यामुळे मुंबईतील एखाद्या दुकानदाराला तीन लिप्यांत साइट हवी असेल तर पान एकाच घरातले वाटते. याच संस्थेचा बलू गोलसर आणि जाड आहे. बालवाडी, मिठाईचे दुकान किंवा आइस्क्रीमचा गाडा यांच्या शीर्षकांना तो शोभतो, परंतु त्यात परिच्छेद लावू नये. पॉपिन्स हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट अतिशय लोकप्रिय आहे आणि त्याची अठरा रूपे मिळतात, पण माझे मत त्याच्याविषयी थोडे कडवट आहे. त्याची भौमितिक गोलाई बटणावर आणि आकड्यांवर छान दिसते, तरी दोनशे शब्दांचा मराठी मजकूर त्यात वाचताना डोळ्याला सगळी अक्षरे एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात आणि वाचनाचा वेग मंदावतो. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल रेल्वेस्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला फॉन्ट आहे. एका साइटमध्ये एका शीर्षकापुरता तो मोहक आहे, दुसऱ्या शीर्षकाला तो जड होतो.

मला सर्वांत अधिक समाधान देणारा फॉन्ट मात्र टिरो देवनागरी मराठी हा आहे. टिरो टाइपवर्क्सने हिंदी, संस्कृत आणि मराठी यांसाठी तीन वेगळे फॉन्ट केले, आणि मराठीच्या फॉन्टात ल व श आपल्याला छापील पुस्तकांतून ओळखीचे असलेल्या वळणाने बसवले. दिवाळी अंकासारखा लांब मजकूर, एखाद्या संस्थेचा इतिहास किंवा ललित लेख यांना त्याने येणारा छापील पुस्तकाचा भारदस्तपणा इतरत्र सापडत नाही. त्याची अडचण अशी, की त्याला साधे आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत आणि ठळक रूप नाही. पानाचे रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये ठळकपणा मागितला की ब्राउझर स्वतःच अक्षरांना कृत्रिमरीत्या फुगवतो, आणि त्या फुगवट्यात 'ठ्ठ'सारख्या जोडाक्षरांची पोकळी बुजून काळा ठिपका होतो. मी यावर उपाय म्हणून शीर्षके मुक्तात आणि मजकूर टिरोत ठेवतो, व परिच्छेदाच्या आत ठळक शब्द वापरणेच टाळतो.

येथे एका लहान गोष्टीचा उल्लेख करतो, जी फुकट आहे आणि तरीही मी पाहिलेल्या बहुसंख्य मराठी साइटींवर आढळत नाही. ज्यात वेबपान लिहिले जाते त्या एचटीएमएलच्या मूळ टॅगवर मजकुराची भाषा सांगणारा 'लँग' हा गुणधर्म असतो, आणि त्यात मराठीसाठी 'एमआर' हा संकेत लिहावयाचा असतो. आपण वापरत असलेल्या तयार साच्यात तेथे बहुधा इंग्रजीचा संकेत असतो आणि तो कोणी बदलत नाही. हा संकेत बरोबर असेल तर, ज्या फॉन्टांत मराठीची वळणे वेगळी साठवलेली आहेत त्यांत ब्राउझर आपोआप मराठी ल आणि श निवडतो. दृष्टिहीन वाचकाचे पडदावाचक सॉफ्टवेअर मराठी आवाजाकडे वळते, आणि स्टाइलशीटमध्ये फक्त मराठी मजकुरासाठी वेगळे नियम लिहिता येतात. या शेवटच्या सोयीचा मी भरपूर उपयोग करतो. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि खाली उकार असल्यामुळे रोमन मजकुराला पुरणारे ओळींमधले अंतर मराठीला कोंदट होते. इंग्रजीला दीडपट अंतर पुरत असेल तर मराठीला मी पावणेदोनपट ठेवतो, आणि अक्षराचा आकारही एक-दोन पिक्सेलने वाढवतो.

आता ज्या साधनाचे नाव याद्यांमध्ये शेवटी किंवा मुळीच येत नाही, परंतु ज्याच्यावाचून माझे काम अडेल, त्याकडे वळतो. ते म्हणजे ब्राउझरच्या आतच असलेली डेव्हलपर टूल्स. क्रोममध्ये एखादा घटक निवडून 'कंप्युटेड' या फलकाच्या तळाशी गेले की त्या घटकातील अक्षरे प्रत्यक्षात कोणत्या फॉन्टात उमटली आणि किती अक्षराकृती कोणत्या फॉन्टातून आल्या हे दिसते. फायरफॉक्समध्ये यासाठी स्वतंत्र फॉन्ट फलक आहे आणि तो मला अधिक सुबक वाटतो. स्टाइलशीटमध्ये एका फॉन्टचे नाव लिहिलेले असते आणि पडद्यावर दुसराच असतो, हा प्रकार मराठीत वारंवार घडतो, कारण निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नसेल तर विंडोज मुकाट्याने निर्मला यूआय लावते, अँड्रॉइड नोटो लावते आणि ॲपलची उपकरणे कोहिनूर देवनागरी लावतात. डिझायनरच्या मॅकवर कोहिनूरमध्ये सुरेख दिसलेली साइट ग्राहकाच्या कार्यालयातील विंडोजवर वेगळीच दिसते आणि मग "तुम्ही दाखवलं ते हे नव्हे" असा फोन येतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत असा फोन मला दोनदा आला, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. हा फलक उघडून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

याच टूल्समध्ये आणखी दोन दुखणी उघडी पडतात. पहिले दुखणे अक्षरांमधील अंतराचे. इंग्रजी शीर्षकांना ऐटदारपणा यावा म्हणून अक्षरे थोडी सुटी करण्याची पद्धत आहे, आणि तोच नियम मराठीला लागू झाला की शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे एकटे लोंबते. परदेशातील विक्रेत्यांकडून घेतलेल्या तयार साच्यांत हा नियम हमखास दडलेला असतो. दुसरे दुखणे हालत्या शीर्षकांचे आहे, ज्यांत एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसते. पानावरच्या हालचाली घडवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या हिशेबाने 'नमस्ते' या शब्दाची लांबी सहा भरते, कारण तेथे हलन्त आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात, आणि त्यामुळे अशा तयार लायब्ररींतून (संकेतसंग्रहांतून) आलेले शीर्षक उडताना मात्रा एकीकडे व व्यंजन दुसरीकडे असे दिसते. जावास्क्रिप्टमध्ये आता इंटल सेगमेंटर ही सोय असून ती वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरांप्रमाणे शब्द तोडते आणि २०२४पासून फायरफॉक्समध्येही ती उपलब्ध झाली आहे. तरीही माझा सल्ला असा, की मराठीत अक्षरे उडवूच नयेत, फारच हौस असेल तर पूर्ण शब्द उडवावेत.

रेखाटनाच्या साधनांत फिग्मा आज सर्वत्र आहे. २०१६ साली ते सर्वांसाठी खुले झाले. अडोबीने ते वीस अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा २०२२मध्ये केली आणि नियामकांच्या आक्षेपांमुळे २०२३च्या अखेरीस तो व्यवहार सोडून दिला, यावरून त्याचे वजन कळते. ग्राहकाला दुवा पाठवून पडद्यावरच खुणा करून घेणे आणि घटक एकदा करून सर्व पानांवर वापरणे यांत त्याला तोड नाही. गूगलचे देवनागरी फॉन्ट त्यात आधीपासून असतात आणि माझी परीक्षेची ओळ त्यात नीट उमटते. माझी तक्रार दोन बाबींवर आहे. मोफत योजनेची मर्यादा एकट्या माणसाला हळूहळू टोचू लागते, आणि संकेतलेखनासाठी (कोडिंगसाठी) मोजमापे दाखवणारा त्याचा डेव्ह मोड २०२४पासून सशुल्क झाला. शिवाय हे साधन मुळात इंटरनेटवर चालते, आणि जुलै महिन्यात कोकणात वीज व नेटवर्क यांचा जो लपंडाव चालतो त्यात त्याच्यावर सर्वस्वी विसंबणे धाडसाचे आहे.

या कारणांमुळे गेली दोन वर्षे मी पेनपॉट या मुक्त साधनाकडे सरकलो आहे. हे स्पेनमध्ये तयार झालेले असून त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) खुला आहे, ते स्वतःच्या संगणकावर किंवा सर्व्हरवर बसवता येते, आणि मोजमापे दाखवण्याचे त्यात वेगळे पैसे पडत नाहीत. एप्रिल २०२४मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ब्राउझरच्या ग्रिड पद्धतीनेच पानाची मांडणी करता येऊ लागली, त्यामुळे आखलेले पान आणि प्रत्यक्ष बांधलेले पान यांत अंतर कमी राहते. फार मोठ्या फाइली त्यात जडावतात आणि तयार जोडसाधने फिग्माइतकी विपुल नाहीत. तरी पाच-सात पानांच्या साइटसाठी, म्हणजेच बहुतेक फ्रीलान्स कामांसाठी, मी नव्याने सुरुवात करणाऱ्यास पेनपॉटच सुचवीन. अडोबीची साधने ज्यांच्याकडे आहेत त्यांना एक इशारा देणे आवश्यक वाटते. इनडिझाइनमध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळण्यासाठी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, तो न निवडल्यास वेलांट्या भलतीकडे जातात आणि नवशिका डिझायनर फॉन्टला दोष देत बसतो. बोधचिन्हे व आकृत्यांसाठी इंकस्केप हे मोफत साधन पुरेसे आहे, देवनागरी त्यात मुळापासून नीट चालते.

या व्यवसायातील सर्वांत मोठी डोकेदुखी अक्षरजुळणीची नसून ग्राहकाकडून येणाऱ्या मजकुराची आहे. महाराष्ट्रातील छापखान्यांत अनेक वर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि तत्सम सॉफ्टवेअर वापरले गेले, आणि संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, माहितीपत्रके त्या काळच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत साठवलेली आहेत. अशा फाइलीतला मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला की रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तके इंटरनेटवर मोफत मिळतात आणि ती वापरावीतच, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पहिली वेलांटी, रफार आणि मराठी अर्धा र या तीन जागी ती हटकून चुकतात, म्हणून परिवर्तनानंतर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करावे आणि त्याचे स्वतंत्र पैसे आकारावेत. मी आता कामाच्या करारातच लिहून घेतो, की मजकूर युनिकोडमध्ये मिळावा, अन्यथा परिवर्तनाचा व तपासणीचा खर्च वेगळा राहील. हे कलम घातल्यापासून आश्चर्यकारक संख्येने ग्राहकांना घरात युनिकोड टंकलेखन येणारी मुलगी किंवा पुतण्या असल्याचे आठवू लागले आहे.

अर्ध्या र विषयी आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. तो दोन प्रकारे टंकित होतो, एक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून आणि दुसरा साध्या र ला हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात, त्यामुळे साइटवरील शोधपेटीत एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. दुसऱ्या पद्धतीत धोका अधिक आहे. एका घरगुती निवासव्यवस्थेच्या पानासाठी मी सह्याद्रीचे वर्णन लिहिले होते, ते मजकूर स्वच्छ करणाऱ्या एका ऑनलाइन साधनातून गेले, त्या साधनाने अदृश्य चिन्हे कचरा समजून काढली, आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या' पान प्रसिद्ध झाल्यावर 'दर्या' झाल्या. पाहुण्यांना डोंगरात समुद्र कोठे आहे असे मालकांना विचारावे लागले नाही एवढेच नशीब. तेव्हापासून मी सर्व मजकूर पहिल्या, म्हणजे ऱ असलेल्या पद्धतीत बदलून घेतो. त्यासाठी व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा मोफत कोड-संपादक उपयोगी पडतो, कारण तो अदृश्य युनिकोड चिन्हांभोवती चौकट काढून ती उघडी पाडतो आणि संपूर्ण प्रकल्पात एका फटक्यात शोध-बदल करू देतो. त्याच्या इतर गुणांविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी भर घालण्याचे कारण नाही.

साइट बांधण्यासाठी माझे बहुसंख्य ग्राहक वर्डप्रेसच मागतात, कारण नंतर बातमी किंवा छायाचित्र स्वतः टाकता यावे अशी त्यांची रास्त अपेक्षा असते, आणि वर्डप्रेसचा नियंत्रण कक्ष मराठीत उपलब्ध असल्याने शाळेतील शिक्षकाला तो अर्ध्या तासात शिकवता येतो. त्याची मराठीतली खोड पत्त्यांमध्ये आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस पानाचा पत्ता स्वतः तयार करते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे त्यासाठी नऊ रोमन खुणांत रूपांतर होते, आणि या सगळ्यासाठी जागा दोनशे खुणांचीच असते. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून जेमतेम बावीस चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या बातमीचा पत्ता 'स्नेहसंमे'पाशी थांबलेला असतो, आणि असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची तीन ओळींची माळ जाते. यावर उपाय साधा आहे, पत्ता हाताने छोट्या रोमन शब्दांत लिहावा. ग्राहकाला ही सवय पहिल्याच दिवशी लावावी, कारण पुढे पत्ते बदलले की जुने दुवे तुटण्याचा धोका असतो.

वेग तपासण्यासाठी क्रोममधील लाइटहाउस पुरेसे आहे, मात्र त्याच्या शंभरापैकी गुणांच्या मागे लागू नये. गूगलने ठरवलेल्या तीन मोजमापांकडे लक्ष द्यावे, त्यांतले प्रतिसादाचे मोजमाप लाइटहाउसच्या नेहमीच्या अहवालात येत नाही. पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद दोनशे मिलिसेकंदांत मिळावा, आणि मांडणी उडी मारण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा कमी राहावे. मराठी साइटी या तिसऱ्या ठिकाणी अधिक पडतात, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, ती येईपर्यंत उपकरणातला फॉन्ट दिसतो, आणि खरा फॉन्ट आला की ओळींची उंची बदलून वाचक वाचत असलेला परिच्छेद खाली सरकतो. दोनपेक्षा अधिक वजने न वापरणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करण्याची सोय आहे, ती लावून साइट एकदा तरी पाहावी. संगमेश्वरच्या एखाद्या वाडीत उभे राहून मोबाइलवर पाहणे याहून चांगले, पण ते रोज जमत नाही. छायाचित्रे हलकी करण्यासाठी गूगलच्या क्रोम विभागाने केलेले स्क्वूश हे साधन मी वापरतो. ते ब्राउझरमध्येच चालते, छायाचित्र कोठे पाठवत नाही, आणि मूळ व हलके रूप शेजारी शेजारी दाखवते.

मोफत छायाचित्रांच्या संग्रहांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. अनस्प्लॅशवरील चित्रे सुंदर असतात, परंतु राजापूरच्या दवाखान्याच्या साइटवर हसणारी युरोपीय परिचारिका पाहिली की रुग्णाचा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. विकिमीडिया कॉमन्सवर महाराष्ट्रातील किल्ले, देवळे, घाट यांची चांगली छायाचित्रे आहेत, त्यांपैकी अनेकांना छायाचित्रकाराचे नाव व परवाना नमूद करण्याची अट असते आणि ती पाळावी. त्याहून बरे म्हणजे सकाळच्या उन्हात आपण स्वतः जाऊन मोबाइलवर काढलेली दहा छायाचित्रे.

सुगम्यतेच्या, म्हणजे दृष्टिहीन व इतर अपंग वाचकांनाही साइट वापरता येते का याच्या, तपासणीसाठी वेबएम या संस्थेची दोन मोफत साधने आहेत, एक रंगांतील तफावत मोजणारे आणि दुसरे वेव्ह नावाचे संपूर्ण पान तपासणारे. सर्वसाधारण मजकुरासाठी तफावत किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावी असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. बारीक वजनाच्या देवनागरीत करड्या पार्श्वभूमीवर हा किमान निकषही मला अपुरा वाटतो. याशिवाय एनव्हीडीए हे मोफत पडदावाचक सॉफ्टवेअर बसवून आपलीच साइट डोळे मिटून ऐकावी. त्याच्या सोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, काहीसा यांत्रिक पण समजण्याजोगा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या एका साइटचे मराठी परिच्छेद मागे सांगितलेल्या भाषासंकेताच्या अभावी इंग्रजी आवाजाच्या तोंडी गेले होते आणि ऐकण्यासारखे काहीच उरले नव्हते.

होस्टिंगविषयी, म्हणजे साइट ठेवण्याच्या जागेविषयी, थोडक्यात. स्वतःच्या कामांचे दालन गिटहब पेजेसवर मोफत ठेवता येते, एक जीबीपर्यंतच्या साध्या साइटला ते पुरते, मात्र ग्राहकाची विक्री करणारी साइट तेथे ठेवण्यास त्यांच्या अटींनुसार मनाई आहे. सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र मोफत मिळते, तेव्हा त्यासाठी वर्षाला हजारो रुपये मागणाऱ्या होस्टिंग कंपनीशी वाद घालावा. डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरील नाव, ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलने घ्यावे. ते आपल्या नावावर ठेवून ग्राहकाला बांधून ठेवणारे काही व्यावसायिक आहेत, त्यांच्या तावडीतून डोमेन सोडवण्यात माझे दोन महिने गेलेले आहेत. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४पासून निक्सी या भारतातील डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत मिळते आणि मराठी व कोकणीतही नाव घेता येते. पाटीवर ते फार देखणे दिसते, परंतु त्यावरचा ईमेल पत्ता अनेक ऑनलाइन अर्ज स्वीकारत नाहीत, म्हणून ते डॉट इनच्या जोडीला घ्यावे, त्याच्या जागी नव्हे.

शेवटी पैशांची साधने, ज्यांचा उल्लेख डिझायनर मंडळी संकोचाने करतात. देशातील ग्राहकांसाठी यूपीआय पुरेसे आहे. पेपॅलने १ एप्रिल २०२१पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले असून परदेशातील ग्राहकाकडून पैसे घेण्यास ते अजून उपयोगी पडते, मात्र चलन बदलताना त्यांचा दर आणि बँकेचा दर यांतील फरक जरूर पाहावा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक वीस लाख रुपये उलाढालीची आहे, त्याखाली असताना नोंदणी केलेली नसेल तर बिलावर जीएसटी आकारता येत नाही, हे मोठ्या संस्थेच्या लेखा विभागाला काही वेळा आपणच समजावून द्यावे लागते. बिले मी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये करतो. महिन्याला पैसे घेणारी दोन बिलिंग साधने मी वापरून पाहिली आणि दोन्ही माझ्या ओळीपाशी पडली, कारण पीडीएफ तयार करणारी बरीचशी सॉफ्टवेअर देवनागरीची जोडाक्षरे जुळवत नाहीत आणि 'कऱ्हाडे' आडनावाच्या ग्राहकाला स्वतःचेच नाव मोडलेल्या स्थितीत वाचावे लागते. हाच दोष देणगीची पावती किंवा प्रवेशअर्ज पीडीएफमध्ये देणाऱ्या साइटींतही आढळतो. अशा कामासाठी सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेतील एमपीडीएफ ही मुक्त लायब्ररी घ्यावी आणि त्यात वापरलेल्या देवनागरी फॉन्टसाठी ओपनटाइप मांडणीची सेटिंग चालू करावी. ती चालू केल्यावर शास्त्र्यांच्या चिठ्ठ्या पावतीवरही धड उमटतात, हे मी एका शाळेच्या प्रवेशअर्जात तपासून पाहिले आहे.